रेइना मोरा (पोर्तो रिकन स्पिंडालिस)

रेइना मोरा (शास्त्रीय नाव : स्पिंडालिस पोर्टोरिसेन्सिस) हा कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटाचा प्रदेशनिष्ठ, फळे खाणारा गाणारा पक्षी. जगात इतरत्र तो आढळत नाही. बहामा-क्युबा, हिस्पॅनिओला आणि जमैका येथील स्पिंडालिस पूर्वी याच्यासह एकाच जातीत मोडत. आता त्या चार स्वतंत्र जाती मानल्या जातात.

लांबी सुमारे 17 सेंमी. नराचे डोके काळे असून डोळ्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन ठळक पांढरे पट्टे असतात. पोट पिवळे, छातीवर व मानेमागे तांबूस-नारिंगी झाक, पाठ हिरवट. मादी मळकट हिरवट. तिला ओळखताना गफलत होते ती इथेच. अशा वेळी गालाखालची अंधूक पांढरी मिशी शोधावी.

पक्षी शोधायचा तर रानभर हिंडण्यापेक्षा फळे धरलेले झाड गाठून थांबणे बरे. याग्रुमो (सेक्रोपिया) हे त्याचे आवडते झाड. त्याची बोटासारखी लांब, मऊ फळे पक्षी टोचून तुकड्यातुकड्याने खातो. बारीक बिया पोटात जातात आणि विष्ठेवाटे दूरवर पडतात. किडे आणि क्वचित पालींसारखे छोटे सरडेही तो खातो. नराचे गाणे बारीक, उंच स्वराचे असल्याने वाऱ्यात सहज हरवते. घरटे वाटीसारखे, अंडी 2 ते 4, फिकट निळी, तपकिरी ठिपक्यांची.

चक्रीवादळाचा खरा तडाखा या पक्ष्याला बसतो तो वादळ सरल्यानंतर. ह्यूगो (1989), जॉर्जेस (1998) किंवा मारिया (2017) यांसारख्या वादळात झाडांची पाने, फुले, फळे एकदमच झडतात. कीटकभक्षी पक्ष्यांना काहीतरी मिळत राहते. फळांवर जगणाऱ्यांची मात्र उपासमार होते आणि ते खाद्याच्या शोधात जागा बदलतात. मोडलेल्या रानात ऊन जमिनीपर्यंत पोहोचले, की याग्रुमो झपाट्याने वाढतो आणि काही वर्षांत पुन्हा फळतो. मातीत दबून राहिलेल्या बियांबरोबरच पक्ष्यांनी आणून टाकलेल्या बियाही तिथे रुजतात.

1940च्या दशकाअखेर बेटावर जंगल जेमतेम 6 टक्के उरले होते. पुढे ऊस-कॉफीची शेते ओस पडली आणि रान परत आले. रेइना मोरा आज एल युंकेच्या वर्षावनात, सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि बागांतही दिसतो. जाती तूर्त धोक्याबाहेर मानली जाते. तरी मळ्यातली सावलीची, फळे देणारी झाडे तोडली, की तिथला त्याचा आसरा जातो.