बालपण, धर्म आणि कादंबरी

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली. 1932 च्या त्यांच्या पुस्तकात नोंद आहे ती अशी: कथेतल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सील मारायला निघालेली माणसं मासे धरायला गेली, आणि भुतं बऱ्याचदा गायबच झाली. खोटं कोणी बोलत नव्हतं. अनोळखी ते गाळायचं नाहीतर ओळखीच्या साच्यात बसवायचं, ही स्मृतीची सवयच. हे साचे बरेचसे घरात आणि देवघरात घडतात.

कल्पनेलाही याच भांडवलावर धंदा करावा लागतो. 2007 साली लंडनच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना एखादा समुद्रकिनारा कल्पून वर्णन करायला सांगितलं. बहुतेकांना तुटक तुकड्यांपलीकडे काही जमेना. म्हणजे भूतकाळ आठवणं आणि कधीच न घडलेलं रचणं यांची यंत्रणा बरीचशी सामायिक आहे.

हे डोक्यात ठेवून बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' वाचावी. पदमनजी 1831 मध्ये बेळगावात हिंदू घरात जन्मले, 1854 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये त्यांनी ही कादंबरी छापली. विधवा पुनर्विवाहाचा कायदा जेमतेम वर्षाचा होता. यमुना आणि विनायक प्रवासाला निघतात, आणि वाटेत त्यांना एकामागून एक विधवांच्या कहाण्या भेटतात. केशवपन, घरातला जाच, सोवळ्यातली कोंडी: हे बारकावे त्या समाजात वाढलेल्यालाच सुचावेत. पुढे विनायक मरतो, आणि यमुनेला ख्रिस्ती धर्मात आसरा व दुसरा संसार मिळतो. तिथे मात्र भाषा धर्मप्रचाराच्या पत्रकाची होते (निदान मला तरी तशी वाटते). दुःख लहानपणीच्या घरातलं, उतारा नव्या श्रद्धेतला. सांधा उघडा दिसतो.

अर्थात पदमनजींना कोणी प्रयोगशाळेत बसवलेलं नाही, आणि अमुक ओळ तमुक संस्कारातून आली असं सांगणं मानसशास्त्राच्या आवाक्यात नाही. त्यात आणखी एक पेच आहे. बालपणाच्या त्यांच्या आठवणी आपल्याला मिळतात त्या मुख्यतः 'अरुणोदय' या 1888 च्या आत्मचरित्रातून, म्हणजे ख्रिस्ती होऊन 34 वर्षं झाल्यावर लिहिलेल्या. बार्टलेटचे वाचक काही महिन्यांतच होड्या बदलून बसले होते. इथे तर बेळगावचं ते हिंदू घर आपल्याला दिसतं ते पंचावन्न-सत्तावन्न वर्षांच्या एका ख्रिस्ती गृहस्थाच्या नजरेतून.