ध्वनिमुद्रणासाठी लिनक्स : संगणक वापरण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

ध्वनिमुद्रणासाठी आम्ही लिनक्स बसवून दिलेल्या संगणकाबाबत ग्राहक सर्वप्रथम विचारतात ते बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढ्या ध्वनीच्या नमुन्यांचा साठा) किती ठेवायचा हेच. बफर लहान ठेवला की यंत्रणा चांगली, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे : विलंब कमी होतो, पण आकडेमोडीला वेळही कमी मिळतो. सेकंदाला ४८,००० नमुने या दराने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांत संपतो आणि तेवढ्या वेळात सर्व ट्रॅक व इफेक्ट यांची आकडेमोड पूर्ण झाली नाही, तर आवाजात 'टक्' असा खंड पडतो. म्हणून गाताना किंवा वाजवताना १२८ अथवा २५६, आणि मिक्सिंग करताना, जेथे २१ मिलिसेकंदांच्या विलंबाने काही बिघडत नाही, तेथे निःशंकपणे १०२४ ठेवावा.

ध्वनीची वाहतूक पाइपवायर सांभाळते. जॅक आणि पल्सऑडिओ या दोन्ही ध्वनियंत्रणांसाठी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर एकत्र चालतात, त्यामुळे आर्डूर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम उघडा असतानाही ब्राउझरचा आवाज बंद पडत नाही. आर्डूर सुरू करताना मात्र ऑडिओ सिस्टीम म्हणून 'जॅक' निवडावे.

आपल्या खात्याला 'ऑडिओ' या गटात घालून त्या गटास रिअलटाइम प्राधान्य (ध्वनीचे काम इतर कामांआधी करण्याची मुभा) ९५ पर्यंत आणि मेमरी लॉक करण्याची, म्हणजे ध्वनीचा डेटा मेमरीतून हलू न देण्याची, अमर्याद मुभा दिलेली आहे. आपण नवे खाते उघडल्यास तेही या गटात घालावे लागते, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याखेरीज हा बदल लागू होत नाही. प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारी सेटिंग, 'परफॉर्मन्स'वर ठेवला आहे. लॅपटॉप त्यामुळे अधिक तापतो व बॅटरी लवकर उतरते, तेव्हा मुद्रण नसताना गव्हर्नर बदलण्यास हरकत नाही.

रिअलटाइम कर्नल (ठरल्या वेळेत काम करण्यावर भर देणारा लिनक्सचा गाभा) आम्ही सरसकट बसवत नाही. २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून ती सुविधा मूळ कर्नलमध्येच आली असली, तरी कर्नल बांधताना ती चालू केलेली असावी लागते. शिवाय बहुतेक कामांना नेहमीचा कर्नल पुरतो, आणि खंड पडण्याचे कारण पुष्कळदा कर्नलऐवजी वेबकॅमसह एकाच यूएसबी हबवर जोडलेला ऑडिओ इंटरफेस (माइक व वाद्ये संगणकाला जोडणारे उपकरण) हे निघते. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा.

खंड पडू लागल्यास टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही आज्ञा चालवावी. तिच्या तक्त्यातील 'ईआरआर' (ERR) या रकान्यात ज्या ओळीचा आकडा वाढत जातो, तेथून शोध सुरू करावा. आमच्याकडे तक्रार नोंदवताना या तक्त्याचा स्क्रीनशॉट, बफरचा आकार आणि त्या वेळी चालू असलेल्या प्लगइनची (इफेक्ट वगैरेंच्या जोड-प्रोग्रामांची) नावे सोबत पाठवावीत. केवळ 'आवाज तुटतो' एवढ्यावरून निदान करणे शक्य होत नाही.