खानदेशच्या भिंतीवरची माणसं : आकृतिप्रधान चित्रांची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडं घर बांधून झालं की हॉलच्या मोठ्या भिंतीवर काय लावायचं, यावर घरात चर्चा सुरू होते. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. भिंतीवर जागा दोघांनाच : देवाला आणि गेलेल्या वाडवडिलांना. देव छापील, वाडवडील फोटोत, फोटोला चंदनाचा हार. ओळखपाळख नसलेल्या माणसाचं चित्र नुसतं बघायला म्हणून लावायची रीत आपल्याकडं उशिरा आली.

देव भिंतीवर आले ते छापखान्यामुळं. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. दगडावरून एकेक रंग चढवत ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, छापले जायचे. त्यातल्या लक्ष्मी-सरस्वती साडी नेसलेल्या, अंगापिंडानं भरलेल्या, एका बाजूनं उजेड पडलेल्या. पुढं रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल या चित्रकारांची चित्रं कॅलेंडरांवरून, दिवाळी अंकांवरून घरात आली. माणसाचं 'चांगलं' चित्र म्हणजे छाया-प्रकाशाचं, हे आपल्या डोळ्यांत असं भिनलं.

दुसरी परंपरा याहून कितीतरी जुनी, आणि जळगावपासून साठेक किलोमीटरवरची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी जवळून बघा. हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या, मान आणि कंबर उलटसुलट बाजूंना कललेली. सावली अगदी बेताची, सगळा भार रेषेवर. भुवईपासून बोटाच्या टोकापर्यंत रेष कुठं अडखळत नाही.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ नंतर या चित्रांच्या तैलरंगी नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. गिल इथंच राहिला. भुसावळला त्याची कबर आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकणाऱ्या मुंबईच्या पोरांचा हात अजिंठ्याच्या रेषेवरून फिरला तो असा.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी तर कॅमेऱ्यातून चित्रासारखी माणसं उभी केली. त्यांचं काम खानदेशातल्या प्रत्येकानं एकदा तरी बघावं.

आज दुकानात आकृतिप्रधान, म्हणजे माणूस हाच विषय असलेलं, चित्र निवडताना आधी ते यातल्या कोणत्या घराण्यातलं, रेषेच्या की छाया-प्रकाशाच्या, ते ओळखावं. रेषेचं असेल तर हातापायांची बोटं बघा. कच्चा चित्रकार तिथंच सापडतो, म्हणून काहीजण हात पदराआड नाहीतर फुलांमागं लपवतात. छाया-प्रकाशाचं असेल तर उजेड येतो कुठून, ते शोधा. हातात समई घेतलेल्या बाईचं, चित्रकार सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र (अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात) या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. बोटांच्या फटींतून झिरपलेला लालसर उजेड, चेहऱ्यावर आलेली आभा, सगळं त्या एका ज्योतीचं. स्वस्त नकलेत चेहरा उजळलेला असतो आणि बोटं मात्र मातकट.

जलरंग काचेआड ठेवावा लागतो आणि आपल्याकडचं ऊन त्याला सोसत नाही. त्यामुळं पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको, मग चित्र कुठलंही असो.