लॅपटॉप बदलायचा की आहे तोच वाढवायचा? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

"लॅपटॉप फार स्लो झालाय, नवीनच घेऊन टाकू का?" आमच्या लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर रोज विचारला जाणारा हा प्रश्न. फोनवरून याचं उत्तर आम्ही देत नाही. त्यात टाळाटाळ नाही. प्रोसेसर कोणता, रॅमला जागा आहे का आणि आत हार्डडिस्क आहे की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची साठवण), या तीन गोष्टी कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजपंचे असतं, आणि पैसे तुमचे जातात. या तिन्ही गोष्टी तुम्हाला घरीच पाहता येतात.

लॅपटॉप सुरू करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग तुमचं नेहमीचं काम उघडा: क्रोमचे आठ-दहा टॅब, एक्सेल, टॅली, जे काही असेल ते. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स हा भाग पाहा.

डिस्कपुढे "एचडीडी" (म्हणजे हार्डडिस्क) लिहिलंय, वापर १०० टक्के दिसतोय, पण खाली प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी आहे? मग लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, तो हार्डडिस्कची वाट पाहत बसलाय. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड सतत इकडून तिकडे पळवावं लागतं, त्यामुळे विखुरलेल्या लहान फायली ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचू शकते. साधी साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी हेच काम हजारोंच्या हिशोबात करते. अशा लॅपटॉपवर फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून हार्डडिस्कवर नुसती विंडोज मारून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही आधी एसएसडी सुचवतो. माल खपवायची युक्ती वाटली तरी चालेल, पण तीच दुरुस्ती दोनदा करण्यात आम्हालाही रस नाही.

मेमरी कायम ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क आणि मेमरी निवांत असून सीपीयूच सतत १०० टक्क्यांवर असेल तर मात्र प्रोसेसरची कुवत संपली. अपवाद एकच, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. सीपीयूच्या खाली "स्पीड" असतो. तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकून बसला असेल तर चार्जरची पिन काढून बॅटरीवर पाहा. वेग लगेच वर गेला, तर दोष चार्जरचा. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते, मदरबोर्ड तिच्यावरून चार्जर ओळखतो. डुप्लिकेट चार्जर किंवा तुटलेली सुई असली की बोर्ड प्रोसेसरला मुद्दाम दाबून ठेवतो. चार्जर बदलला की काम झालं. नवा लॅपटॉप घ्यायचा विचार यापायी करू नका.

प्रोसेसरचा आकडा वाचायला शिका

सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलमध्ये "आय-५" एवढ्यावरून काहीच कळत नाही, त्यापुढचा आकडा पाहा. ७२००यू म्हणजे सातवी पिढी, ८२५०यू आठवी, ११३५जी७ अकरावी, १२३५यू बारावी. सीमारेषा आठव्या पिढीवर आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापराच्या मशीनसाठी नावनोंदणी करून मिळणारी जादा सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. आणि सातव्या पिढीचे बहुतेक सगळे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाहीत. एएमडीमध्ये रायझन ३५००यू यादीत आहे, २५००यू नाही.

यादीत नसलेल्या मशीनवर युक्तीने विंडोज ११ बसवता येतं, हे आम्हालाही माहीत आहे. आम्ही ते बसवत नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती आपोआप न येता पुन्हा हाताने चढवावी लागते. म्हणजे दर वर्षी तुम्ही आमच्या दारात, आणि बोल आम्हाला. सातवी पिढी किंवा त्याआधीचं मशीन असेल तर आमचा सल्ला सरळ आहे: रॅमवर पैसे घालू नका. फार तर साटा एसएसडी टाका. ती वाया जात नाही, उद्या लॅपटॉप टाकून दिलात तरी केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून बॅकअपला वापरता येते. तुम्हाला विंडोजऐवजी लिनक्स चालत असेल तर तेच मशीन अजून काही वर्षं मुलांच्या अभ्यासाला पुरेल.

आठव्या ते अकराव्या पिढीचा आय-५ किंवा आय-७ असेल आणि बॉडी शाबूत असेल, तर घाईने बदलू नका. २०१७ मध्ये आलेल्या ८२५०यूमध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. सेलमध्ये "लेटेस्ट" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या एन४०२० किंवा एन४५०० सेलेरॉनमध्ये दोन कोअर, दोनच थ्रेड. खोका नवा, वेग जुन्याहून कमी. असाच एक चकवा रायझन ७५२०यू. सुरुवातीचा ७ पाहून गिऱ्हाईक खूश होतं, पण या मालिकेत तिसरा आकडा पाहायचा असतो. तो २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी बाजारात आली २०१९ मध्ये. ७५३०यू झेन ३, ७५४०यू झेन ४. नाव एका आकड्याने बदलतं, आतला माल सगळा बदलतो.

रॅम: आधी विचारा, मग मागवा

ऑनलाइन मागवलेली रॅम घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती परत न्यावी लागते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली "स्लॉट्स यूज्ड" आणि "फॉर्म फॅक्टर" दिसतं. फॉर्म फॅक्टरपुढे "एसओडिम" असेल तर रॅम काढता-घालता येते. "रो ऑफ चिप्स" असेल तर ती बोर्डावरच झाळलेली आहे. काही मशीनमध्ये ८ जीबी झाळलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट अशी सोय असते, ती मात्र उघडून पाहिल्यावरच खात्रीने सांगता येते. मॅकबुक एअरच्या एम-१ आणि पुढच्या सगळ्या मॉडेलमध्ये रॅम वाढत नाही, कुणी कितीही सांगो.

डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो, आणि स्लॉटचं काम रॅमपेक्षा महाग पडतं. जुन्या मशीनमध्ये डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. दिसायला तशीच असणारी १.५ व्होल्टची डीडीआर३ घातली की बऱ्याच लॅपटॉपचा डिस्प्लेच येत नाही.

"तपकीर गल्लीत दोनशे रुपये स्वस्त आहे" हे आम्ही पुण्यातल्या या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराबद्दल ऐकतो, आणि ते खरंही असतं. तुमची रॅम तुम्ही आणा, बसवणावळ घेऊन बसवून देऊ. पण ती चालली नाही तर बदलून आणायची खेप तुमची. आमच्याकडून घेतलेला तुकडा तुमच्यासमोर बसवून, मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) एक पूर्ण फेरी झाल्यावरच मशीन हातात मिळतं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवल्यामुळे रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत आणि सारखे हलताहेत. म्हणून आमचं कोटेशन तीनच दिवस धरलं जाईल.

एसएसडीचं थोडक्यात: नुसतं "एम डॉट टू" (पट्टीसारखी एसएसडी) म्हणून भागत नाही. त्यात साटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई असे दोन प्रकार, आणि मापं २२४२, २२८० वगैरे, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ४२ किंवा ८० मिमी लांब. स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. मॉडेल नंबर आणि खालच्या झाकणाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, कोणती बसेल ते सांगतो.

ज्या एका चुकीने काम दिवसचे दिवस अडतं

हा भाग नीट वाचा, बाकीचा वगळलात तरी चालेल.

नवी एसएसडी बसली, विंडोज चढली. जुना ड्राइव्ह केसिंगमध्ये घालून फोटो आणि कागदपत्रं काढायला घेतली, की त्याच्या चित्रावर पिवळं कुलूप दिसतं आणि खिडकी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. गिऱ्हाईक म्हणतं, "आम्ही कधी असलं काही लावलंच नाही." खरंय, तुम्ही लावलेलं नसतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगइन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरच्या डेटाला लागणारं कुलूप) आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने बसवलेल्या होम एडिशनवरही हे सर्रास दिसतं. की त्या अकाउंटमध्ये जमा होते. आणि ते अकाउंट खरेदीच्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने कुठल्या मेल आयडीवर काढलं, हे घरात कुणालाच आठवत नाही.

ती की नसेल तर आतला डेटा आम्ही काढू शकत नाही, मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही. "आम्ही तोडून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बोर्ड बदलताना, आणि कधी कधी बायॉस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केल्यावरही, हीच की मागितली जाते. मशीन चालू असताना की मिळवणं दोन मिनिटांचं काम आहे. बंद पडल्यावर ते आठवड्याचं होतं, किंवा होतच नाही.

म्हणून दुकानात येण्याच्या आदल्या रात्री हे करा. ॲडमिनच्या लॉगइनने सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहा. प्रो एडिशन असेल तर स्टार्टमध्ये बिटलॉकर (याच कुलपाचं नाव) शोधा. बंद असेल तर प्रश्न मिटला. चालू असेल तर ते बंद करा आणि चार्जर लावून लॅपटॉप चालू ठेवा. कुलूप पूर्ण निघायला एसएसडीवर तासभर, भरलेल्या हार्डडिस्कवर अख्खी रात्रही लागते. मध्येच झाकण मिटू नका.

बंद करायचं नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवर त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करा, डिव्हाइसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की मिळते. जुन्या मशीनच्याही की तिथेच पडून असतात, म्हणून की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. मग सहा-सहा अंकांचे आठ गट कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवू नका (असंही होतं, हसू नका).

काम घेताना आमच्या पावतीवर "की तपासली" असा रकाना आहे. तो रिकामा असेल तर आम्ही मशीन उघडत नाही. यावरून काही जण नाराज होतात, पण हा नियम तुमच्याच फोटोंसाठी आहे.

ऑफिसच्या मशीनला आणखी थोडं. टॅलीप्राइमचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं, म्हणून विंडोज मारण्याआधी एफ१, सेटिंग्ज, लायसन्स या वाटेने ते सरेंडर करा. नंतर केलं तर टॅलीच्या माणसामागे फिरावं लागतं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक, कृतिदेव किंवा सुरेखसारखे जुने फॉन्ट आणि आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात मेल असतात) यांची यादी द्या. फॉन्ट राहिला की दहा वर्षांचे अर्ज-पत्रव्यवहार उघडल्यावर नुसत्या खुणा दिसतात.

आम्ही स्वतःहून "नवा घ्या" कधी म्हणतो

बोर्डाचं काम, बिजागरी उखडलेली, स्क्रीनवर पट्टे, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की. किंवा एकूण खर्च त्याच दर्जाच्या नव्या मशीनच्या ४० टक्क्यांवर जात असेल तेव्हा. हा कुठला सरकारी नियम नाही, आमचा ठोकताळा आहे. त्यापुढे गेलेलं मशीन दुसऱ्या कशाने तरी पुन्हा टेबलावर येतं. नुसती बॅटरी गेली म्हणून लॅपटॉप बदलू नका. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये "डिझाइन कपॅसिटी"च्या निम्म्याखाली "फुल चार्ज कपॅसिटी" गेली असेल तर बॅटरी बदलून घ्या. टचपॅड वर आलंय, खालचं झाकण फुगलंय असं दिसलं तर चार्जिंग लगेच बंद करा. ते दाबून बसवू नका, तसंच घेऊन या.

नवा घ्यायचाच असेल तर १६ जीबी रॅम किंवा किमान एक रिकामा स्लॉट, ५१२ जीबी एनव्हीएमई आणि आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारी) स्क्रीन यांखाली जाऊ नका. आमच्याकडे नवे मिळतात, आणि कंपन्यांमधून आलेले, तपासलेले जुने बिझनेस लॅपटॉपही. जुना एक्स्चेंजमध्ये देताना आतला ड्राइव्ह काढून स्वतःकडे ठेवा. फायली नुसत्या डिलीट केल्याने डेटा जातोच असं नाही.

तपासणीचे ३०० रुपये. काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा. येताना लॅपटॉपबरोबर त्याचा स्वतःचा चार्जर, लॉगइनचा पासवर्ड आणि ४८ अंकांचा तो कागद आणा. एसएसडीचं काम त्याच दिवशी हवं असेल तर सकाळी साडेअकराच्या आत या. भरलेल्या हार्डडिस्कची कॉपी व्हायला दोन-तीन तास सहज जातात, आणि तिच्यावर बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) निघाले तर दुसरा दिवस उजाडतो.