ज्योती भट्ट यांची मुद्राचित्रं

ज्योती भट्ट (पूर्ण नाव ज्योतींद्र मानशंकर भट्ट, जन्म १९३४, भावनगर) हे बडोद्याचे चित्रकार, मुद्राचित्रकार (म्हणजे प्लेटवरून किंवा जाळीतून कागदावर छापून चित्र करणारे) आणि फोटोग्राफर, २०१९ साली पद्मश्री मिळालेले. त्यांचे खेड्यापाड्यातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेले असतात, पण त्यांची एचिंग आणि स्क्रीन प्रिंट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाहीत, आणि हे फार वाईट आहे कारण रोजच्या जगण्यातलं गोंदण, रांगोळी, भिंतीवरचा मोर, पाटीवरची अक्षरं हे सगळं इतक्या प्रेमाने आणि इतक्या डोळसपणे आधुनिक भारतीय चित्रात आणणारे लोक थोडेच आहेत.

शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, फाइन आर्ट्स फॅकल्टीत. ही फॅकल्टी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, शिकवायला ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं. त्यातले बेंद्रे म्हणजे इंदूरचे मराठी चित्रकार, त्यांच्या हाताखाली बडोद्याची पहिली पिढी तयार झाली. पुढे भट्ट १९६१-६२ मध्ये इटलीत नेपल्सच्या अकादमीत गेले आणि १९६४ ते ६६ न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेत. मधल्या काळात, १९६३ साली, 'ग्रुप १८९०' या कलाकारांच्या गटाचं दिल्लीतलं एकमेव प्रदर्शन झालं, त्यातल्या बारा जणांत हेही होते (अकोल्याचे चित्रकार अंबादासही त्यातच). प्रॅटमध्ये त्यांनी इंटाग्लिओ म्हणजे धातूच्या प्लेटवर खोदून छापायची पद्धत नीट आत्मसात केली आणि परत येऊन बडोद्यात शिकवली. त्यांचा उत्साह बघून जेराम पटेल, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख हे चित्रकारसुद्धा प्लेटकडे वळले. बडोदा आज मुद्राचित्रांसाठी ओळखलं जातं त्यात भट्टांचा वाटा खूप मोठा आहे.

एचिंग ही इंटाग्लिओतलीच एक पद्धत, ते कसं होतं ते थोडं सांगायला हवं नाहीतर त्यांच्या रेघेची गंमत कळत नाही. जस्ताची किंवा तांब्याची प्लेट घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर मेण-डांबर-राळ यांचा पातळ लेप द्यायचा, सुईने लेप खरवडत चित्र काढायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडायची. जिथे लेप निघालाय तिथेच ॲसिड धातू खातं, जितका वेळ जास्त तितकी रेघ खोल आणि काळी. मग लेप धुवून प्लेटभर शाई चोळायची, वरवरची पुसून काढायची, खाचांत उरते तेवढीच ठेवायची, वर भिजवून टिपलेला कागद, त्यावर फेल्ट (जाड लोकरी कापड), आणि सगळं रोलरच्या प्रेसमधून दाबून काढायचं. कागद त्या खाचांत शिरून शाई उचलतो, म्हणून एचिंगची रेघ बोटाला किंचित उठावदार लागते. करड्या छटा हव्या असतील तर प्लेटवर राळेची बारीक पूड भाजून बसवतात, त्याला ॲक्वाटिंट म्हणतात. आणि छाप उलटा येतो, त्यामुळे अक्षरं सरळ वाचता यायला हवी असतील तर ती प्लेटवर उलटी यावी लागतात. भट्टांच्या चित्रांत गुजराती आणि हिंदी अक्षरं किती खच्चून भरलेली असतात हे पाहिलं की या कामाचा चिवटपणा लक्षात येतो.

स्क्रीन प्रिंट त्या मानाने सोपं आणि आपल्या ओळखीचं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, कापडी बॅनर कितीतरी वर्षं याच पद्धतीने छापले गेले. चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड, नको तिथली जाळी बुजवायची, वरून रबराच्या पट्टीने रंग ओढायचा, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. यात काही उलटं होत नाही, रंग सपाट आणि भडक बसतो. कॅलेंडरं, जाहिराती, बाजारातली चित्रं यांचा जो झगमगाट भट्टांना हवा असतो तो इथे अगदी घरचा वाटतो, तर एचिंगमध्ये तोच पोपट किंवा तीच देवी गंभीर आणि जुनी दिसायला लागते. मला स्वतःला त्यांची एचिंग जास्त आवडतात, 'देवी' (१९७०) आणि 'कल्पवृक्ष' (१९७२) ही त्यातली गाजलेली.

विषय काय, तर जे बायका रोज करतात ते. सौराष्ट्रात बायकांच्या हातावर, गळ्यावर ठिपक्याठिपक्यांचं गोंदण असतं, ते सुईनेच टोचतात आणि एचिंगची रेघही सुईचीच, म्हणून हे गोंदण प्लेटवर इतकं सहज उतरत असावं. भरतकामातले पोपट-मोर, उंबऱ्यापुढची रांगोळी, देवनागरी-गुजराती मुळाक्षरं, घोषणा, हे सगळं एकमेकांत गुंतवून ते चित्र रचतात. नुसती लोककलेची नक्कल करून 'भारतीय' दिसायचा शॉर्टकट त्यांनी घेतला नाही, जुन्याशेजारी आजचा बाजारही ठेवला, आणि मला वाटतं म्हणूनच ती चित्रं अजून शिळी वाटत नाहीत.

हा मसाला आला कुठून तर भटकंतीतून. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी एका सेमिनारसाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायचं काम त्यांच्याकडे आलं आणि मग ते थांबलेच नाहीत, कितीतरी वर्षं शिल्पकार राघव कनेरियांसारख्या मित्रांबरोबर खेडी पालथी घातली. राजस्थानात मीणा बायकांचे भिंतीवरचे मांडणे, छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींची भिंतीवरची पिठोरा चित्रं, आणि नुसतं चित्र नाही तर ते काढणारी बाई, तिचं पोर, अंगणातली बकरी सगळं फ्रेममध्ये. यातली बरीच चित्रं सणाला काढायची आणि पुढच्या वेळी सारवून नव्याने काढायची अशीच असतात, त्यात मातीच्या घरांच्या जागी सिमेंटची घरं आली, त्यामुळे त्यातल्या कितीतरी भिंतींचा पुरावा म्हणून आता हे फोटोच उरलेत, आणि त्या भिंतींची ओळख प्लेटवरच्या मोर-पोपटांतही आहे.

त्यांच्या फोटोंचा आणि निगेटिव्हचा मोठा संग्रह बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत आहे. बडोद्याच्या कलाजगताचे त्यांनी जपलेले फोटो आणि कागदपत्रं हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत, घरबसल्या बघता येतात.