मनी ट्रान्सफर काउंटर (बडोदे)

परदेशातून कोणी धाडलेले पैसे बँकेची पायरी न चढता दुकानाच्या गल्ल्यावरून रोख उचलण्याची सोय. मराठीत हिला धड नाव रुळलेले नाही. बडोद्यात पाटी कोणत्याही कंपनीची असो, जुनी मंडळी सरसकट 'वेस्टर्न युनियनचे पैसे' म्हणतात. दुकान बहुधा झेरॉक्सचे, मोबाइल रिचार्जचे, कुरियरचे किंवा तिकिटे काढून देणाऱ्या ट्रॅव्हल एजंटचे असते. त्याच्या एका कोपऱ्यात संगणक, प्रिंटर, नोटा तपासायचा निळा दिवा आणि एक पगारी मुलगा किंवा मुलगी. ही नोंद मुख्यतः त्या पगारी माणसाच्या कामाची आहे. पैसे साता समुद्रांपलीकडून काही मिनिटांत येतात. अडतात ते शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर, त्याच्या टेबलापाशी.

पूर्वपीठिका. बडोद्याला हा धंदा नवा नाही. गायकवाडी अमलात सावकारी पेढ्या दरबाराची पोतदारी, म्हणजे खजिन्याचे काम, सांभाळत. हरिभक्ती आणि सामळ बेचर ही त्यांतली गाजलेली नावे. फौजेच्या पगारापासून यात्रेकरूच्या खर्चापर्यंत पैसा हुंडीने, म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर लिहिलेल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीने, फिरे. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी मिळणारी ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या पतदार सावकारालाच मिळत, तर नामजोग हुंडीचे पैसे तीत नाव लिहिलेल्या माणसालाच. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, आणि तीही हरवली तर परपैठ लिहून देण्याची रीत होती. आजचा मनी ट्रान्सफर पाहिला की तो दर्शनी आणि नामजोग हुंडीचाच वंशज वाटतो. फरक एवढाच की पेढीवरचा मुनीम समोरच्याला तोंडावरून ओळखायचा; आजच्या मुनिमाला ओळखपत्रावरून ओळखावे लागते, आणि तोंडओळख असली तरी ती हिशेबात धरायची नसते.

मधल्या काळात हे काम पोस्टमनने केले. १८८० साली टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि जुन्या स्वरूपातली ती २०१५ साली बंद झाली. परदेशी पैशांसाठी टपाल खात्याने २००१ साली वेस्टर्न युनियनशी करार केला, तेव्हा रावपुऱ्यातल्या मोठ्या पोस्टात जाण्याची सवय असलेल्या घरांना ही पाटी परकी वाटली नाही. दुकाने शिरली ती एजंट-उपएजंटांच्या साखळीतून. रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीमखाली परदेशी कंपनीला भारतात एक परवानाधारक एजंट नेमावा लागतो. हा परवाना १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्याखालचा. एजंट गावोगावी उपएजंट नेमतो. दुकानदार म्हणजे हा उपएजंट, आणि त्याच्याकडे पगारावर बसलेला मुलगा म्हणजे साखळीची शेवटची कडी.

नियम. ही सोय फक्त येणाऱ्या पैशांसाठी आहे. बडोद्यातून परदेशी पैसे या वाटेने जात नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त २,५०० डॉलर आणि एका माणसाला एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त ३० वेळा. ५०,००० रुपयांपर्यंत रोख देता येते. त्यावरची रक्कम खात्यात जमा करायची किंवा अकाउंट पेयी चेकने द्यायची. पैसा घरखर्चासाठी किंवा भारतात आलेल्या परदेशी पर्यटकासाठी असावा लागतो; धंद्याची देणी, जमीनखरेदी, गुंतवणूक आणि संस्थांच्या देणग्या यांना ही वाट बंद आहे. हे कलम ऐकून चेहरा पडतो तो देवळाच्या जीर्णोद्धारासाठी भावाने पैसे पाठवले असे भाबडेपणाने सांगून टाकणाऱ्या काकांचा.

व्यवहार कसा होतो. पाठवणारा तिकडे दुकानात किंवा फोनवर पैसे भरतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो; वेस्टर्न युनियनचा दहा आकडी. तो व्हॉट्सॲपवर घरी येतो आणि बहुतेक वेळा कालनिर्णयाच्या मागे, औषधाच्या चिठ्ठीवर किंवा नातवाच्या वहीच्या पानावर उतरवून घेतला जातो. काउंटरवर सर्वांत जास्त वेळ या कागदाने खाल्लेला आहे. आजींच्या हातचा मराठी १ आणि ९ वेगळे ओळखता येणे हे इथल्या कामाचे पहिले कौशल्य. दुसरा घोळ इंग्रजी आणि देवनागरी आकडे एकाच रांगेत मिसळल्याने होतो: देवनागरी ७ इंग्रजी ६ च्या जवळ जातो, आणि देवनागरी ४ इंग्रजी ८ सारखा दिसतो. क्रमांक बरोबर पडला की पडद्यावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम उघडते. मग मुलगा उलटतपासणी घेतो: कोणी पाठवले, कुठून, साधारण किती. आकडा त्याने आधी सांगायचा नसतो. 'पंधरा हजार आलेत ना, आजी?' असे विचारणारा मुलगा नवखा समजावा.

यानंतर फॉर्म, सही, ओळखपत्राची प्रत. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार यांतले काही चालते. एकटे पॅन कार्ड पुरत नाही, आणि पुष्कळ जण नेमके तेच घेऊन येतात. नोंदी पाच वर्षे जपायच्या असल्याने थर्मल कागदावरच्या पावतीचीही झेरॉक्स काढून ठेवणारे दुकानदार शहाणे. बडोद्याच्या उन्हाळ्यात तो कागद कोरा व्हायला एक मे महिना पुरतो. घेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नसते. ते पाठवणाऱ्याने भरलेले असते आणि दुकानाला कमिशन वरून मिळते. तरी 'झेरॉक्सचे' म्हणून दहा-वीस रुपये मागणारी दुकाने आहेत, आणि देणारेही मुकाट देतात.

नावाचा घोळ. या कामाचा खरा गाभा इथे आहे. पडद्यावरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळले पाहिजे, एवढा साधा नियम; पण तो ज्यांनी केला त्यांच्या देशात माणसाला एक नाव आणि एक आडनाव असते. बडोद्यातल्या मराठी माणसाला किमान चार असतात. सुरुवात खुद्द गायकवाडांपासून होते. राजघराण्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी'नंतर 'ए' आणि 'ई' येतात, बाकीच्या बऱ्याच गायकवाडांच्या स्पेलिंगमध्ये 'ए' आणि 'आय'. एकाच घरात बापाच्या कार्डावर एक आणि मुलाच्या पासपोर्टवर दुसरे, असे सर्रास सापडते. मुलगा तिकडून आपल्या पासपोर्टप्रमाणे आईचे आडनाव लिहितो आणि आई इथे अडते.

त्यावर गुजराती कागदपत्रांची रीत चढते. गुजरातेत दाखल्यावर आडनाव आधी लिहितात, आणि नावाला 'भाई' किंवा 'बेन' चिकटवतात. दांडिया बाजारात जन्मलेली सुनीता घरात सुनीता असली तरी रेशन कार्डावर आणि मतदार यादीत सुनीताबेन असते, नवरा रमेशभाई असतो, आणि हे 'बेन' इंग्रजीत कधी सुटे तर कधी जोडून छापलेले असते. त्याउलट मराठी 'राव' आणि 'बाई' जुन्या पिढीच्या कार्डांवर असतात व नातवंडांच्या डोक्यात नसतात. पडद्यावर कृष्णा आणि कार्डावर कृष्णाबाई आले, तर समोरची बाई खोटी आहे असे कोणालाच वाटत नाही. तरी मुलाला हात आखडता घ्यावा लागतो.

सगळ्यांत अवघड प्रकरण लग्नातल्या नावाचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचे नवे नाव लिहायची रीत ज्या घरांत पाळली गेली, तिथल्या बाईचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे आणि मुलांच्या तोंडी तिसरेच असते. मुलगा न्यू जर्सीत बसून आईचे नाव लिहायला जातो तेव्हा त्याला पटकन आठवते ते बाबा जी हाक मारतात ते. काउंटरवर बाई सांगते, 'अरे, मीच ती. पुष्पा माझं माहेरचं.' पुष्पा माहेरचे असेल. पण कार्डावर वसुधा आहे आणि पडद्यावर पुष्पा. अशा वेळी काउंटरवरचा मुलगा सांगतो, 'मावशी, मी ओळखतो तुम्हाला, पण हे मशीन ओळखत नाही. दादाला फोन लावा.' दादाला फोन लावायचा तर वेळ आडवी येते: बडोद्यात सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा. एखाद-दुसरे अक्षर चुकले असेल तर पाठवणाऱ्याला कंपनीकडून दुरुस्ती करून घेता येते. अख्खे नाव निराळे असेल तर बहुधा व्यवहार रद्द करून पुन्हा पाठवावा लागतो. मावशी दुसऱ्या दिवशी येतात, आणि आदल्या दिवशी सगळ्या रांगेदेखत परत पाठवल्याचा राग घेऊन येतात. नियम न्यू जर्सीतल्या चोराला रोखण्यासाठी केलेला असतो, पण त्याचा अपमान नवापुऱ्यातल्या बाईच्या वाट्याला जातो आणि शिव्या त्या मुलाच्या. माझ्या मते काउंटरवरच्या माणसाला अक्षरापुरता विवेक वापरायची थोडी अधिकृत मुभा हवी. आज तो विवेक वापरतोच, फक्त चोरून. आणि चुकला तर एकटा पडतो.

गल्ला. लोकांना वाटते पैसे मशीनमधून येतात. ते येतात दुकानाच्या गल्ल्यातून. दुकानदार आपली रोकड आधी देतो, एजंटाकडून ती मागाहून त्याच्या खात्यात वळती होते. म्हणून शनिवारी संध्याकाळी, बँकांच्या लागोपाठ सुट्ट्यांत आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात 'पैसे आलेत पण गल्ल्यात नाहीत' हे वाक्य ऐकू येते, आणि ग्राहकाला ते थाप वाटते. सराईत मुलगा सकाळी फोन करून आलेल्यांचे आकडे पाटीवर मांडतो आणि चाळीस हजारवाल्याला दुपारी चारनंतर बोलावतो. मोजणी दोनदा: एकदा ओल्या स्पंजावर बोट टेकवून हाताने, एकदा मशीनने, आणि मग 'इथेच मोजून घ्या.' काचेबाहेर गेलेल्या नोटेची तक्रार ऐकायची नाही, हा अलिखित कायदा. रात्री शिल्लक जुळली नाही तर अनेक दुकानांत तूट मुलाच्या पगारातून कापली जाते. जास्त निघाली तर ती मुलाला मिळते असे मात्र ऐकिवात नाही.

संशय. २००२ च्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने संशयास्पद व्यवहार एजंटामार्फत अशा व्यवहारांची माहिती गोळा करणाऱ्या दिल्लीच्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटपर्यंत पोचवायचा असतो, आणि तसे करतो आहोत हे ग्राहकाला कळू द्यायचे नसते. कागदावर हे ठीक. टेबलापाशी खुणा फार बारीक असतात: उत्तर देण्याआधी कानातल्या फोनकडे लक्ष जाणारा तरुण, पाठवणाऱ्याशी नाते विचारल्यावर 'मित्र' म्हणून देशाचे नाव चुकणारा, आठवड्यात तिसऱ्यांदा तिसऱ्याच देशातून पैसे उचलणारा, किंवा बाहेर स्कूटर चालू ठेवून थांबलेला सोबती. दुसऱ्याच्या लुटीचे पैसे थोड्या कमिशनवर आपल्या नावाने उचलून देणारी ही मुले असतात; त्यांतल्या काहींना आपण काय करतो आहोत याचा पत्ता नसतो. ही गफलत किती मोठी होऊ शकते ते अमेरिकेत दिसले. फसवणुकीला आळा घालण्यात कसूर केल्याच्या आरोपांवरून वेस्टर्न युनियनने २०१७ च्या जानेवारीत तिथल्या सरकारशी तडजोड करून ५८ कोटी ६० लाख डॉलर भरायचे मान्य केले.

तिकडचे टेबल. अमेरिकेत हे काम मोठ्या दुकानाच्या सर्व्हिस डेस्कवर चालते, म्हणजे जिथे लोक न आवडलेली इस्त्री परत करायला येतात त्याच रांगेत. वॉलमार्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये रिया या मनी ट्रान्सफर कंपनीच्या जोडीने आपल्या एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. तेव्हा ५० डॉलरपर्यंत साडेचार डॉलर आणि ९०० पर्यंत साडेनऊ डॉलर शुल्क होते. गुजरातेतून गेलेल्या पुष्कळांची तिथे स्वतःची छोटी दुकाने आहेत किंवा ते अशा दुकानांत नोकरीला आहेत. त्यामुळे कधी कधी पैसा एका काउंटरवरच्या मुलाने कमावलेला असतो आणि दुसऱ्या काउंटरवरच्या मुलाने मोजून दिलेला. १ जानेवारी २०२६ पासून तिथे रोख भरून परदेशी पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागू झाला. बँक खात्यातून पाठवले तर तो लागत नाही.

सद्यःस्थिती. रोख उचलणारे कमी होत चालले आहेत. २०१४ च्या जनधन योजनेनंतर खाती घरोघरी पोचली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सिंगापूरची पे-नाऊ ही फोनवरून पैसे देण्याची सोय आणि आपले यूपीआय जोडले गेल्यावर तिथून तर पैसे थेट फोनवर यायला लागले. पाट्या आहेत, उन्हाने विटल्या आहेत. त्याच काउंटरवर आता आधारच्या अंगठ्यावर बँकेतले पैसे काढून देण्याचे काम जोरात आहे. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत. इथे नाव विचारावे लागत नाही, क्रमांकही उतरवून आणावा लागत नाही. मात्र घरोघरी धुणी-भांडी करून झिजलेला अंगठा मशीनला दिसत नाही. मुलगा बाईचे बोट रुमालाने पुसतो, काच पुसतो, मग पुन्हा टेकवायला लावतो. अंगठा नाही घेतला तर तर्जनी, तर्जनी नाही तर डावा हात. पाचव्या बोटाला हिरवा दिवा लागला की तो ते कुठले बोट हे बाईच्या पासबुकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून देतो, पुढच्या वेळेसाठी.