एरर आला की आधी नंबर कॉपी करा, रिफ्रेश नंतर

सपोर्टला येणारे बरेचसे मेसेज असे असतात, "काल दुपारी सेव्ह होत नव्हतं, बघा ना जरा". सोबत स्क्रीनशॉट, आणि त्यात नेमकी खालची ओळ कापलेली. त्या ओळीत बारीक अक्षरात "संदर्भ क्रमांक" असं लिहून पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ असते, आणि आम्हाला तेवढीच हवी असते हो, वरची लाल पट्टी आम्हाला आता तोंडपाठ झालीये.

तो नंबर येतो कुठून? तुम्ही बटण दाबलं की ब्राउझरमधून एक रिक्वेस्ट निघते, ती आधी आमच्या एनजिनएक्सवर (दारातला वेब सर्व्हर) येते, तिथून अॅप्लिकेशन, मग डेटाबेस, पीडीएफ बनवणारी सर्व्हिस, ईमेलची रांग वगैरे. प्रत्येक जण आपापला लॉग, म्हणजे काय केलं त्याची वेळेसकट नोंद, लिहितो आणि त्याच सेकंदाला बाकीच्या लोकांच्या ओळीही त्यातच पडत असतात, त्यामुळे तुमच्या सहा ओळी दुसऱ्यांच्या सहाशे ओळींत कुठेतरी विखुरलेल्या. म्हणून आम्ही दारातच प्रत्येक रिक्वेस्टला ३२ अक्षरांचा आयडी चिकटवतो, तो एक्स-रिक्वेस्ट-आयडी या हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) पुढे पुढे जातो आणि प्रत्येक ओळीत छापला जातो. मग एक सर्च मारला की फक्त तुमच्या ओळी समोर, लागल्या क्रमाने.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो ते सांगतो. नंबर न पाठवणं हे नाहीच, तो आम्ही मागून घेतो. वेळ जातो तो चुकीचा नंबर आल्यावर. बरेच जण याला तक्रार नंबर समजतात, म्हणजे माझा प्रॉब्लेम एक तर नंबरही एकच. तसं नाहीये. हा नंबर एका रिक्वेस्टचा असतो, तुमचा नाही, तुमच्या लॉगिनचा नाही, त्या बिलाचाही नाही. रिफ्रेश केलं की नवीन रिक्वेस्ट, नवीन नंबर. परत सेव्ह दाबलं की अजून एक. आणि एरर दिसला की माणूस काय करतो, तर दोनतीनदा दाबून बघतो, वैतागतो, आणि मग शेवटच्या एररचा फोटो पाठवतो.

अशीच एक केस आमच्याकडे आली होती, "बिल नंबर आधीच वापरलेला आहे म्हणतंय, पण आम्ही तर पहिल्यांदाच टाकतोय". सोबत नंबर होता, त्यामुळे आम्ही खूश. अर्धा दिवस त्यांची बिलांची सिरीज तपासत बसलो, दोन युजरना एकच नंबर जातोय की काय म्हणून कोड उलटापालटा केला, हाती काही नाही. शेवटी त्यांनी सहज सांगितलं की त्याआधी एकदा वेगळा एरर आला होता, पण तो रिफ्रेश केल्यावर गेला. तो शोधला तेव्हा हे निघालं (इथे सोयीसाठी मराठीत लिहिलंय आणि आयडीचे शेवटचे चारच आकडे ठेवलेत; ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूची गडबड, ४०९ म्हणजे आधीच्या नोंदीशी टक्कर):

१४:०३:०७ …७७३१ बिल सेव्ह झालं
१४:०३:०७ …७७३१ पीडीएफ सर्व्हिसला कॉल
१४:०३:३७ …७७३१ ३० सेकंद झाले, उत्तर नाही, कॉल सोडला
१४:०३:३७ …७७३१ ५०० परत पाठवला
१४:०४:१० …२०९४ हा बिल नंबर आधीच आहे
१४:०४:१० …२०९४ ४०९ परत पाठवला

आम्हाला पाठवलेला नंबर होता २०९४ वाला. त्यात चूक काहीच नव्हती, सिस्टीमने बरोबरच अडवलं होतं, कारण बिल पहिल्याच झटक्यात सेव्ह झालेलं. खरी भानगड ७७३१ मध्ये, पीडीएफ सर्व्हिस अडकली होती. हा नंबर आधी मिळाला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. (बिल सेव्ह झाल्यावरसुद्धा सरसकट एरर दाखवणं ही आमची चूक होती, ती सुधारलीये. आता "बिल सेव्ह झालंय, पीडीएफ नंतर मिळेल" असं येतं.)

तर एवढंच करा, पहिला एरर दिसला की हात थांबवा, नंबरशेजारचं कॉपीचं बटण दाबा, आम्हाला पेस्ट करा, मग हवं तेवढं रिफ्रेश करा. आधीच तीनचार वेळा दाबून झालं असेल तर जेवढे नंबर सापडतील तेवढे पाठवा आणि पहिला कुठला ते सांगा. फोटो बघून टाइप करू नका प्लीज. यात शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, म्हणजे ओ नसतोच, गोल दिसलं की ते शून्यच, तिथपर्यंत आम्ही सांभाळून घेतो, पण बी आणि आठमधला घोळ आम्हाला इथे बसून सुटत नाही.

"नाव आणि वेळ दिली तर शोधता येत नाही का" हे नेहमी विचारतात. वेळेवरून शोधता येतं, पण "तीनच्या सुमारास" म्हणजे अडीच ते साडेतीन, त्यात हजारो ओळी. नावावरून नाही शोधता येत, कारण नाव, मोबाइल, ईमेल यातलं काहीच आम्ही लॉगमध्ये लिहीत नाही, आणि हे मुद्दाम आहे. लॉग बघणारी माणसं जास्त असतात आणि तो ३० दिवस पडून राहतो, त्यात तुमच्या ग्राहकांची माहिती कशाला हवी? काहींना हा आडमुठेपणा वाटतो, वाटू दे. यामुळेच तो नंबर तुम्ही चॅटवर, ग्रुपवर कुठेही बिनधास्त टाकू शकता, त्यावरून कुणाला लॉगिन करता येत नाही की काही उघडता येत नाही.

दोघांना एकच नंबर येईल का? १२८ बिट रँडम असतात, एकूण शक्यता मोजायच्या तर ३९ आकडी संख्या होते. नाही येणार.

ज्यांचे स्वतःचे डेव्हलपर आमच्या एपीआयला कॉल करतात त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तुम्ही आयडी पाठवलात तर आम्ही तोच वापरतो, पण ३२ अक्षरांचा हेक्स (तेच शून्य ते नऊ आणि ए ते एफ) किंवा डॅशवाला ३६ अक्षरांचा यूयूआयडी असेल तरच, नाहीतर टाकून देऊन नवीन बनवतो. यावरून आमच्याशी भांडण झालंय, पण बाहेरून आलेली व्हॅल्यू जशीच्या तशी लॉगमध्ये लिहिली तर कुणीही त्यात नवी ओळ घुसवून खोट्या नोंदी घालू शकतो, त्यामुळे हे बदलणार नाही. दुसरं म्हणजे आयडी दर रिक्वेस्टला नवा बनवा. एका मोबाइल अॅपने तो अॅप सुरू होताना एकदाच बनवला होता, मग दिवसभराचे सगळे कॉल एकाच नंबरखाली, सर्च केला तर अख्खं पुराण बाहेर. आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला दुसऱ्या डोमेनवरून आलेला हा हेडर आपोआप वाचता येत नाही, सर्व्हरला तो अॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्समध्ये सांगावा लागतो. आमच्या बाजूने तो सांगितलेला आहे, मधे तुमचा प्रॉक्सी असेल तर तिथे बघा.

बॅकग्राउंड जॉबमध्ये मात्र आयडी सहसा हरवतो. ईमेल रांगेत टाकला, दहा मिनिटांनी वर्करने उचलला, तोवर मूळ रिक्वेस्ट कधीच संपलेली, हेडर कुठून येणार. जॉबच्या डेटातच आयडी लिहून ठेवावा लागतो आणि वर्करने तो परत लॉगला लावावा लागतो. आमच्या मेंटेनन्समधल्या ग्राहकांना हे करून दिलेलं आहे. दुसऱ्यांनी बनवलेली जुनी अॅप्स असतील तरी जोडून देतो, आधी कोड बघून किती काम आहे ते सांगतो, बघण्याचे पैसे घेत नाही.

एरर पानावर नंबरच नसेल, नुसतं पांढरं पान किंवा ब्राउझरचाच मेसेज असेल, तर बहुतेक रिक्वेस्ट आमच्यापर्यंत पोचलेलीच नसते, तेव्हा आधी नेट बघा आणि मग फोन करा. नंबर आहे पण शेजारी कॉपीचं बटण दिसत नाही, तर तुमच्याकडे जुनं व्हर्जन चालू आहे, तसं कळवा, आम्ही अपडेट टाकून देऊ.